भिंत उभी राहील, तुळईचे काय?

हिमालयाच्या पट्ट्यात कोठेही भूकंपाचा मोठा धक्का बसला की समाजमाध्यमांवर दोन छायाचित्रे हमखास शेजारी शेजारी लावली जातात. एकात काँक्रीटची बहुमजली इमारत तळमजल्यावर मोडून खाली बसलेली असते. दुसऱ्यात लाकूड आणि दगड यांच्या थरांनी रचलेले एखादे जुने घर जसेच्या तसे उभे असते. खाली ठरलेले वाक्य येते : आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, लाकूड भूकंपात टिकते. हे वाक्य वाचून अनेकांना बरे वाटते, आणि तपासून न पाहता ते पुढे धाडले जाते.

या वाक्याचा पहिला भाग काही अंशी खरा आहे. दुसरा भाग मात्र तपासायलाच हवा, कारण तो आता केवळ भावनेचा विषय राहिलेला नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली. कार्बन साठवून ठेवणारे, पुन्हा उगवता येणारे साहित्य म्हणून लाकडाचे स्वागत होऊ लागले आहे. डोंगराळ पर्यटनस्थळी लाकडी विश्रामगृहांची मागणी आहे. थरांवर थर चिकटवून बनवलेल्या मोठ्या लाकडी फळ्यांची चर्चा वास्तुविशारदांच्या परिषदांत होते. हे सारे योग्यच आहे. बंदी उठवण्यास एक आदेश पुरला. त्या लाकडाने भूकंपाला कसे तोंड द्यावे हे सांगणारे शास्त्र मात्र आदेशाने येत नसते, आणि आपल्याकडे त्यातला सर्वांत नाजूक भाग अद्याप लिहिलेलाच नाही. तो भाग म्हणजे वरच्या मजल्याची भिंत जिच्यावर उभी असते ती तुळई.

जुनी घरे का टिकली हे आधी नीट पाहिले पाहिजे. हिमाचलातील काठकुणी पद्धतीत लाकडाचे आडवे वासे आणि दगडाचे थर एकाआड एक रचले जातात आणि कोपऱ्यात वासे एकमेकांत अडकवले जातात. उत्तरकाशीच्या परिसरातील कोटी बनाल शैलीची घरे याच कुळातली, परंतु अधिक उंच. काश्मीरच्या धज्जी पद्धतीत लाकडाच्या लहान लहान चौकटींत दगड-माती भरलेली असते. ८ ऑक्टोबर २००५ च्या ७.६ क्षमतेच्या भूकंपात या पद्धतीने दाखवलेली चिकाटी पाहून पाकव्याप्त काश्मीरच्या पुनर्बांधणीत तिला अधिकृत स्थान मिळाले, आणि पेशावरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात पूर्ण आकाराच्या धज्जी भिंती ढकलून-ओढून त्यांचे मापन झाले. ईशान्येत १८९७ च्या महाभूकंपानंतर हलक्या लाकडी चौकटींची, इकरा गवताच्या भिंतींची घरे रुजली. १८ सप्टेंबर २०११ रोजी सिक्कीमला ६.९ क्षमतेचा धक्का बसला तेव्हाही इकरा घरांनी काँक्रीटच्या अनेक इमारतींहून चांगली वर्तणूक दाखवली.

या सर्व पद्धतींत लाकूड समान आहे, हे कोणालाही दिसते. आणखी एक गोष्ट समान आहे, तिच्याकडे लक्ष जात नाही. या घरांत आडवे बल पेलणारी भिंत वरून थेट जमिनीपर्यंत येते. काठकुणी घराचा वरचा मजला बाहेर झुकलेला दिसतो, पण बाहेर काढलेला भाग म्हणजे हलका लाकडी सज्जा. दगड-लाकडाची जड भिंत खालच्या भिंतीवरच बसलेली असते. धज्जी घरात वरची भिंत खालच्या भिंतीच्या डोक्यावर असते. इकरा घर बहुधा एकमजली, त्यामुळे तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. पूर्वजांचे शहाणपण शोधायचेच असेल तर ते या अखंडतेत अधिक आहे.

लाकूड असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, याचा पुरावा महाराष्ट्राच्या जवळचाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे ८,००० माणसे गेली. माळवदाच्या त्या घरांत लाकूड भरपूर होते. खणाच्या चौकटीचे खांब आणि तुळया छपरावरच्या मातीचा प्रचंड भार वर्षानुवर्षे पेलत होत्या. उभा भार पेलण्याचे काम लाकडाने चोख केले. आडवा धक्का पेलण्यासाठी त्या चौकटीला ना तिरपे आधार होते, ना पक्के सांधे, ना भिंतीशी बांधणी. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती सुट्या होऊन कोसळल्या. साहित्य तेच; बलाला जमिनीपर्यंत नेणारी वाट मात्र तेथे नव्हती.

आता नव्या इमारतींकडे वळावे. डोंगरउतारावरील आजच्या बांधकामाची मागणी जुन्या घराच्या नेमकी उलट आहे. रस्त्याच्या पातळीवर मोटारी लावायला मोकळी जागा हवी, किंवा उपाहारगृहाचे दालन हवे. वर लहान लहान खोल्या हव्यात. खोल्यांच्या भिंती खालच्या मोकळ्या जागेत उतरू शकत नाहीत. त्या मध्येच एखाद्या तुळईवर थांबतात. त्यांतली एखादी भिंत जर भूकंपाचे आडवे बल पेलण्यासाठी योजलेली असेल, म्हणजे अभियंते जिला शिअर वॉल म्हणतात तशी असेल, तर तिच्या वाट्याला आलेला सगळा हिसका त्या एका तुळईच्या माथी येतो. तुळई काढणारा मनुष्य बहुधा तिच्यावरचे वजन मोजतो. वजन म्हणजे खाली दाबणारा भार. शिअर वॉल तुळईशी जे करते ते याहून वेगळे आहे.

एक साधे गणित पुरेसे आहे. ३ मीटर उंच आणि २.४ मीटर लांब अशी एक लाकडी भिंत घ्यावी. तिच्या दोन्ही टोकांना खांब, मध्ये उभ्या पट्ट्या, वर खिळ्यांनी ठोकलेले प्लायवूड. ती ४.८ मीटर लांबीच्या तुळईच्या बरोबर मध्यावर उभी आहे. मानकानुसार तिच्या डोक्यावर १५ किलोन्यूटन आडवे बल येते असे धरू. हे बल भिंतीला केवळ सरकवत नाही, तर उलथवते. उलथवणारे आघूर्ण १५ गुणिले ३, म्हणजे ४५ किलोन्यूटन-मीटर. त्याला तोंड देण्यासाठी भिंतीचे एक टोक तुळईला सुमारे १९ किलोन्यूटन बलाने वर ओढते आणि दुसरे टोक तितक्याच बलाने खाली दाबते. पुढच्या क्षणी जमीन उलट हलते आणि दोन्ही टोकांची कामे बदलतात. तुळई या ओढाताणीत इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते. भिंतीच्या प्रत्येक टोकाखाली तिच्यात सुमारे ११ किलोन्यूटन-मीटर नमनाघूर्ण निर्माण होते, एकीकडे वर फुगवणारे आणि दुसरीकडे खाली वाकवणारे.

तुळई १५० गुणिले ३०० मिलिमीटर छेदाची, देवदाराची असेल तर या आघूर्णाने तिच्यात ५ मेगापास्कल ताण येतो. रोजच्या वजनाचे आणखी ५ धरावेत. एकूण १०. भारतीय मानक आयएस ८८३ लाकडांचे तीन गट करते. देवदार ज्या तिसऱ्या गटात बसतो त्याचा नमनातला अनुज्ञेय ताण साधारण ८.५ ते १२ मेगापास्कल असतो, आणि वारा वा भूकंप यांसारख्या अल्पकालीन भारासाठी तो १.३३ पट धरण्याची मुभा असते. गटातील सर्वांत कमी मूल्य घेतले तरी ११.३ मिळतात. आलेले १० त्याहून कमी. कागदावर तुळई उत्तीर्ण होते, नकाशावर शिक्का बसतो.

नेमकी येथे फसगत आहे. ते १५ किलोन्यूटन हे भूकंपाचे खरे बल नव्हेच. कोणतेही आधुनिक मानक इमारतीला प्रत्यक्ष येऊ शकणाऱ्या बलाच्या काही अंशासाठीच आखू देते, कारण इमारत थोडी मोडून, वाकून, ऊर्जा पचवून तग धरील असे गृहीत असते. अमेरिकी सिव्हिल अभियंत्यांच्या संस्थेचे मानक प्लायवूड ठोकलेल्या लाकडी भारवाहक भिंतींसाठी बल साडेसहा पटींनी कमी करू देते. ही सूट कोणाच्या भरवशावर दिली जाते? खिळ्यांच्या. प्लायवूड आणि चौकट यांमधले शेकडो खिळे धक्क्याबरोबर वाकतात, लाकडाला किंचित चेपतात, थोडे उपटतात, आणि त्या घर्षणात व वाकण्यात भूकंपाची ऊर्जा संपवतात. भिंत कुरकुरते, तिरपी होते, पण कोसळत नाही. तुळईजवळ असे खिळे नाहीत. नमनात ताणली गेलेली तुळई एखाद्या गाठीपाशी फुटते किंवा तंतूंच्या रेषेत उभी चिरते, आणि तेही फारशी पूर्वसूचना न देता. सूट मिळाली भिंतीच्या लवचीकपणामुळे. ती उचलून तुळईला देणे म्हणजे एकाच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्याला प्रवेश देण्यासारखे आहे.

शिवाय भिंत आपल्या आखलेल्या बलापाशी थांबत नाही. हिशेबात धरलेल्या क्षमतेपेक्षा तिची खरी क्षमता कितीतरी अधिक असते. सुतार खिळे जरा दाट ठोकतो, प्लायवूड एक आकडा जाड मिळते, आतून जिप्समचे तावदान लागते, हिशेबातले राखीव गुणक असतातच. सामान्यतः हे सारे चांगले मानले जाते. तुळईच्या दृष्टीने ते संकट आहे, कारण भिंत जितकी बळकट तितके अधिक बल ती खाली पोचवते. भिंतीतले खिळे नमण्यापूर्वीच तुळई फुटली तर त्या खिळ्यांचा उपयोग शून्य. न्यूझीलंडच्या रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले यांनी १९७० च्या दशकात काँक्रीटच्या संदर्भात हा विचार पद्धतशीर मांडला : साखळीतली कोणती कडी आधी नमावी हे अभियंत्याने ठरवायचे, आणि बाकीच्या कड्या त्या कडीच्या खऱ्या बळाला पुरून उरतील अशा करायच्या. भूकंप अभियांत्रिकीत याहून पायाभूत विचार क्वचितच सापडेल.

म्हणूनच त्या अमेरिकी मानकात स्पष्ट नियम आहे : मध्येच थांबलेल्या भिंतीला आधार देणाऱ्या तुळया व खांब नेहमीच्या बलासाठी आखायचे नाहीत, तर अतिरिक्त बळाच्या गुणकाने वाढवलेल्या बलासाठी आखायचे. अशा लाकडी भिंतींसाठी हा गुणक ३ आहे आणि वरची तक्तपोशी लवचीक असेल तर २.५. भिंत प्रत्यक्षात जास्तीत जास्त जेवढे बल देऊ शकते तेवढ्यावर थांबण्याची मुभाही तेथे आहे, म्हणजे नियम आंधळा नाही. वरच्याच तुळईला २.५ लावून पाहावे. टोकांची बले सुमारे ४७ किलोन्यूटन, आघूर्ण २८ किलोन्यूटन-मीटर, ताण १२.५ मेगापास्कल. रोजच्या वजनाचे ५ मिळवले की १७.५. आता तिसऱ्या गटातील सर्वांत वरचे मूल्य १.३३ पट करून घेतले तरी १६ च मिळतात. कागदावर उत्तीर्ण झालेली तुळई येथे नापास होते. याचा अर्थ ती त्या क्षणी मोडेलच असा नाही. अनुज्ञेय ताणात राखीव वाटा असतो. पण तो वाटा गाठी, चिरा, ओल आणि वय यांच्यासाठी ठेवलेला आहे. तो आधीच खर्च करून टाकला तर त्यांच्यासाठी काय उरले?

ताण हा हिशेबाचा एक भाग झाला. तुळई वाकते हाही स्वतंत्र प्रश्न आहे. वाढीव बलाखाली ही तुळई भिंतीच्या एका टोकाशी सुमारे ४ मिलिमीटर वर आणि दुसऱ्या टोकाशी तितकीच खाली जाते. ४ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण २.४ मीटर लांबीत ८ मिलिमीटरचा फरक म्हणजे सगळी भिंत तेवढ्या कोनात फिरली, आणि ३ मीटर उंचीवर तिचे डोके सुमारे १० मिलिमीटर सरकले. भिंत स्वतः जराही विकृत न होता झालेली ही सरकण आहे. शेजारची, जमिनीपर्यंत उतरणारी भिंत इतकी सरकत नाही. तक्तपोशी ताठ असेल तर बल ताठ भिंतीकडे धाव घेते आणि आखणाऱ्याने कागदावर केलेली बलाची वाटणी प्रत्यक्षात उधळली जाते.

त्यानंतर सांधे येतात, आणि लाकडी बांधकामात शेवटचा शब्द बहुतेक वेळा सांध्यांचाच असतो. भिंतीच्या टोकाचा खांब तुळईच्या पाठीवर उभा असतो, म्हणजे तो तिच्या तंतूंवर आडवा दाब देतो. लाकूड तंतूंच्या दिशेने जितके सोसते त्यापेक्षा आडव्या दिशेने बरेच कमी सोसते. ४७ किलोन्यूटन बल १०० गुणिले १५० मिलिमीटरच्या खांबातून आले तर आडवा दाब ३ मेगापास्कलच्या वर जातो. खाली पोलादी पाटी नसेल तर खांब तुळईत रुतू लागतो. वर ओढणाऱ्या टोकाला पोलादी अँकर हवा, आणि त्याचा बोल्ट तुळईच्या वरच्या काठाशी अडकवून चालत नाही. तो आरपार जाऊन खाली पाटीवर बसला पाहिजे. नाहीतर ओढ तंतूंना एकमेकांपासून विलग करते आणि तुळई काठाशी उभी चिरते. जेथे तुळई वर फुगते तेथे तिचा खालचा काठ दाबला जातो. वरच्या काठाला तक्तपोशीचा आधार असतो, खालचा मोकळा असतो, म्हणून तो आडवा पळू नये यासाठी त्याला वेगळा आधार द्यावा लागतो. शेवटी ही वरची ओढ तुळईच्या टेकूपर्यंत आणि तेथून खांबातून पायापर्यंत न्यावी लागते. यांतली एक पायरी गाळली तरी बाकीच्या सगळ्या व्यर्थ ठरतात.

हे केवळ पुस्तकी भय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कॅलिफोर्नियाचा इतिहास वाचावा. लाकडी घरांचा तो प्रदेश. लाकूड हलके, लवचीक, म्हणून सुरक्षित, असा तेथेही दृढ समज होता. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागातील, खाली वाहनतळ असलेली लाकडी घरे तळमजल्यावर तिरपी झाली, काही कोसळली. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे ६.७ क्षमतेच्या नॉर्थरिज भूकंपात नॉर्थरिज मेडोज या तीनमजली लाकडी गृहसंकुलाचा तळमजला चिरडला गेला आणि १६ रहिवासी मरण पावले. वरचे मजले बऱ्याच अंशी शाबूत होते. लाकूड तेच, सुतारही तेच; खालची मोकळी जागा आणि तिच्यावर थांबलेल्या भिंती एवढाच भेद. सॅन फ्रान्सिस्कोने २०१३ मध्ये आणि लॉस एंजेलिसने २०१५ मध्ये अशा जुन्या लाकडी इमारती सक्तीने बळकट करण्याचे कायदे केले. नॉर्थरिजपासून तेथवर यायला दोन दशके लागली.

प्रयोगांचा इतिहासही हेच सांगतो. २००९ मध्ये जपानच्या मिकी येथील महाकाय कंप-मंचावर सहामजली लाकडी इमारत हलवून पाहण्यात आली. २०२३ मध्ये सॅन दिएगोच्या कंप-मंचावर दहामजली लाकडी इमारत तपासली गेली. या दुसऱ्या प्रयोगातल्या भिंती पायापासून माथ्यापर्यंत अखंड होत्या आणि पायाशी डोलून पुन्हा जागेवर येतील अशा पोलादी सळयांनी ताणलेल्या होत्या. दहा मजली लाकूड टिकले या बातमीचा मथळा आपल्याकडे पोचला. भिंत कोठेही तुटलेली नव्हती हा तपशील मथळ्यात मावला नाही.

आपण मात्र अजाण असल्याचा दावा करू शकत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी भूजच्या भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, आणि तपासात खालचे मोकळे वाहनतळ व तुळईवरून उगवणारे तरंगते खांब हे दोष पुनःपुन्हा समोर आले. त्यातून धडा घेतला गेला. भूकंपरोधक रचनेचे मानक आयएस १८९३ याच्या २०१६ च्या आवृत्तीने आडवे बल पेलणाऱ्या व्यवस्थेत तरंगत्या खांबांना मनाई केली आणि मध्येच खंडित होणाऱ्या भिंतींना अनियमिततेच्या यादीत टाकले. पण त्याच आवृत्तीत बल किती पटींनी कमी करता येईल हे सांगणाऱ्या तक्त्यात काँक्रीट आहे, पोलाद आहे, वीटकाम आहे, लाकूड नाही. आयएस ४३२६ मध्ये लाकडी उभ्या पट्ट्यांच्या व विटा भरलेल्या चौकटींच्या घरांसाठी उपयुक्त सूचना आहेत, पण त्या दोन मजल्यांपर्यंतच्या साध्या घराच्या चौकटीत लिहिलेल्या. आयएस ८८३ तुळई आखायला शिकवते, पण त्या तुळईवर उभी असलेली भिंत भूकंपात तिच्याशी काय करील हा तिचा विषय नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत लाकूड व बांबूचा स्वतंत्र विभाग आहे, तोही प्रामुख्याने साहित्य आणि घटकांच्या आखणीचा. मध्ये पडलेल्या या फटीत उभा असलेला अभियंता काय करतो? एका देशाच्या मानकातून बल कमी करणारा गुणक घेतो, दुसऱ्यातून अनुज्ञेय ताण घेतो, आणि त्या पहिल्या मानकाने घातलेली अतिरिक्त बळाची अट सोयीस्करपणे मागे सोडतो. सवलत आयात होते, तिची किंमत आयात होत नाही.

यावर तीन आक्षेप ठरलेले असतात.

पहिला : भारतात लाकडी बहुमजली इमारती आहेतच कोठे? आज थोड्या आहेत, हे खरे. पण नियम इमारतींच्या आधी यावा लागतो. अहमदाबादेत तो नंतर आला. इमारती उभ्या राहिल्यावर त्यांच्या तुळया शोधून, तक्तपोशी उचकटून बळकट करणे किती खर्चिक असते ते लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना विचारावे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. वरचीच तुळई २०० गुणिले ३५० मिलिमीटरची करावी. ताण १७.५ वरून साधारण १० मेगापास्कलवर येतो, वाकणे निम्म्याने कमी होते, आणि भिंतीच्या डोक्याची सरकण १० वरून ५ मिलिमीटरवर येते. त्यासाठी लागणारे जादा लाकूड किती? ४.८ मीटर लांबीला सुमारे ०.१२ घनमीटर. शिवाय दोन पोलादी पाट्या आणि आरपार बोल्ट. एवढ्याने जर प्रकल्प तोट्यात जात असेल तर दोष गणिताचा नाही. याहून स्वस्त उपायही आहे, तो म्हणजे वास्तुविशारदाने आराखड्याच्या पहिल्याच दिवशी दोन-तीन भिंती जमिनीपर्यंत उतरतील अशी मांडणी करणे. पूर्वजांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांचे निदान एवढे तरी ऐकावे.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे : परदेशी गुणक आपल्या लाकडाला का लावावेत? हा आक्षेप पूर्णतः योग्य आहे, आणि म्हणूनच तो स्वस्थ बसण्याचे निमित्त होऊ शकत नाही. २.५ आणि ३ हे आकडे तेथील प्लायवूड, तेथील खिळे आणि तेथील चौकटी यांच्या चाचण्या व अनुभव यांतून आले. देवदार, साल, चीड, बांबूच्या चटया, भारतीय प्लायवूड, आपल्याकडचे खिळे आणि आपल्या सुतारांची सवय यांतून वेगळे आकडे येऊ शकतात, कदाचित मोठेही. देहरादूनची वन संशोधन संस्था १९०६ पासून काम करते आहे. बंगळुरूत लाकूड विज्ञानाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था आहे. रुरकीत भूकंप अभियांत्रिकीचा विभाग आणि कंप-मंच आहेत. भारतीय लाकडांच्या निर्दोष लहान तुकड्यांची ताकद मोजण्याची येथे दीर्घ आणि आदरणीय परंपरा आहे. आता त्या परंपरेने तुकड्यावरून तुळईकडे आणि तुळईवरून भिंतीसकट तुळईकडे यावे. पूर्ण आकाराची भिंत, तिच्याखाली खरी तुळई, खरे सांधे, आणि उलटसुलट बल. या प्रयोगाला महाकाय यंत्रणा लागत नाही; पोलादी चौकट, हायड्रॉलिक जॅक आणि विस्थापन मोजणारी उपकरणे अनेक अभियांत्रिकी प्रयोगशाळांत आहेत. उणीव साधनांची कमी आणि प्रश्नाला प्रश्न मानण्याची जास्त आहे.

तोवर एक अंतरिम नियम लगेच करता येईल, आणि त्यासाठी कोणत्याही प्रयोगाची वाट पाहण्याचे कारण नाही. भूकंपप्रवण पट्ट्यात सार्वजनिक पैशाने होणाऱ्या कोणत्याही लाकडी इमारतीत आडवे बल पेलणारी भिंत पायापर्यंत अखंड असावी. ते अशक्य असेल तर तिच्याखालची तुळई, खांब आणि प्रत्येक सांधा भिंतीच्या खऱ्या क्षमतेला पुरेल असा आखावा, आणि तो हिशेब नकाशासोबत वेगळा सादर करावा. लाकडावरची बंदी उठवणाऱ्या व्यवस्थेला एवढे एक पान जोडणे जड नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक सवयही दडलेली आहे. टिकलेल्या घराचे छायाचित्र समोर आले की ते कशाचे आहे हे विचारण्याआधी भिंत कोठवर जाते हे पाहावे. बोट वरच्या मजल्याच्या भिंतीवर ठेवून खाली आणावे. ते अडथळ्याविना जमिनीला टेकले तर ठीक. मध्येच एखाद्या तुळईपाशी थांबले तर त्या तुळईचा हिशेब मागावा, मग ती देवदाराची असो, पोलादाची असो वा काँक्रीटची. हिमालयात पुढचा मोठा भूकंप येणार आहे, त्याची तारीख कोणालाच सांगता येत नाही. त्याआधी किती लाकडी भिंती हिशेबाविना तुळयांवर उभ्या केल्या जातील, हे मात्र आजच ठरते आहे.